कंपोस्टमधलं तणनाशक मोजताना

अवशेष-विश्लेषणात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: एलसी-एमएस/एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं मशीन, कधी हाताळायला मिळेल? मिळेल हो. पण या कामात निम्मा निकाल ढिगापाशीच लागलेला असतो.

आपण मुख्यतः तिघांच्या मागावर असतो: क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड आणि पिक्लोरॅम. ही रुंद पानांचं तण मारतात, गवताला धक्का लावत नाहीत. फवारलेला चारा हिरवागार दिसतो, जनावर तो खातं आणि औषध बरंचसं जसंच्या तसं शेण-मुतातून बाहेर पडतं. कंपोस्टच्या उष्णतेलाही ते सहजी दाद देत नाही. उलट ढीग कुजून आटला की किलोमागचं प्रमाण वाढूही शकतं. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या भाजीबागांना अमिनोपायरॅलिडचा फटका बसला, तो असाच शेणखतातून.

टोमॅटो, मटार, घेवडा यांना काही पीपीबीसुद्धा बाधतात. म्हणजे टनभर मालात काही मिलिग्रॅम! तेही सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. म्हणून ढिगाच्या वेगवेगळ्या खोलीवरून भरपूर उपनमुने घ्या, ते कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा आणि पुन्हा तेच. ओलावा वेगळा काढून निकाल कोरड्या वजनावर द्या, नाहीतर भिजलेला ढीग उगाच स्वच्छ ठरतो.

पुढे अर्क काढणं. वनस्पतीत या रेणूंचा काही भाग बांधलेला असतो. तो अल्कलीने सोडवावा लागतो. क्वेचर्सने (अर्क काढून शुद्ध करण्याच्या झटपट पद्धतीने) काम करणार असाल तर शुद्धीकरणात पीएसए ही शोषक पूड नको. ती आपले हे आम्लधर्मी रेणू धरून ठेवते आणि रिकव्हरी, म्हणजे असलेल्यापैकी हाती लागणारा हिस्सा, कोसळते. कंपोस्टचा अर्क गडद तपकिरी येतो. त्यातले ह्युमिक घटक सिग्नल दाबतात आणि क्लोपायरॅलिडचं 192 ते 146 हे संक्रमण (192 वस्तुमानाचा आयन तुटून 146 चा तुकडा होतो, त्याची मशीनवरची खूण) पार खुजं दिसतं. ही दाब भरून काढायला नमुन्यात समस्थानिक-चिन्हांकित अंतर्गत मानक, म्हणजे त्याच रेणूची जड अणूंची आवृत्ती, मोजून घालतात. ते महाग असतं, तरी मी त्यावर काटकसर करू देत नाही. स्पाइक केलेल्या, म्हणजे मुद्दाम ठरावीक तणनाशक घातलेल्या, नमुन्याची रिकव्हरी 70 ते 120 टक्क्यांत बसेपर्यंत अहवालाचं नावही काढू नका.

आणि घेवडा पेरा. संशयित कंपोस्ट मिसळलेल्या काही कुंड्या, शेजारी खात्रीच्या मातीच्या तेवढ्याच. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला, तर तणनाशक आहे असं समजा. क्षार जास्त असले तरी रोप खुरटतं, पण पानं अशी वळत नाहीत. मशीन ‘आढळलं नाही’ म्हणतंय आणि घेवडा वाकडा आहे, अशा वेळी माझा कौल घेवड्याला: एकतर नमुना चुकलाय, नाहीतर आपल्या यादीत नसलेलं चौथंच काहीतरी त्यात आहे.