मटणानंतर मध्यरात्री पोट दुखतंय? गोचीड आठवून पाहा

माझं पोट कॉलेजपासूनच नाजूक, आयबीएसचं, म्हणजे आतड्यांच्या कायमच्या कुरबुरीचं, निदान झालेलं. नॉर्थ कॅरोलिनात आल्यावर मध्यरात्री कळा येऊन जाग यायला लागली, तेव्हा 'आपलं नेहमीचंच' म्हणत मी दीड वर्ष ओवा चघळत काढलं. निघालं अल्फा-गॅल. इथल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्यानंतर काहींच्या शरीरात सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या अल्फा-गॅल नावाच्या साखरेची ॲलर्जी तयार होते. काहींना पित्त उठतं, घसा सुजतो. काहींचं मात्र फक्त पोट बिघडतं, अंगावर एक गांधही उठत नाही. माझं तसंच होतं.

आधी वेळ लिहून ठेवा. मी फ्रिजवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात 'म', 'चि', 'मा' असं लिहायचे, मटण, चिकन, मासे, आणि शेजारी दुखायला लागल्याची वेळ. तीन आठवड्यांत चित्र दिसलं: मटणाचा रस्सा रात्री आठला, कळा साडेबाराला. चिकन आणि सुरमईला काहीच नाही. हे अंतर साधारण दोन ते सहा तासांचं असतं, म्हणून तर मटणावर संशय जात नाही.

ती नोंद घेऊन डॉक्टरकडे जा आणि अल्फा-गॅल आयजीईची, म्हणजे या ॲलर्जीच्या अँटीबॉडीची, रक्ततपासणी स्वतःहून मागा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2023 साली पोटाच्या अशा न उलगडणाऱ्या तक्रारींत या ॲलर्जीचा विचार करायला सांगितलं आहे. पण नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे. गोचीड चावलेल्या कित्येकांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, पण त्यांना काहीच त्रास नसतो. मटण, बीफ, पोर्क बंद करून पोट शांत झालं, तरच निदान पक्कं. काहींना दूध-तूप आणि जिलेटिनच्या कॅप्सूलही सोसत नाहीत. माझं तूप सुटलं नाही, याचा मला खरंच आनंद आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नका. हीच गोचीड एर्लिकिओसिस नावाचा जंतुसंसर्गही देते. चाव्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आणि जोडीला उलट्या-जुलाब झाले, तर ते आयबीएस समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना चाव्याबद्दल सांगा. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर गुण येतो, उशीर जिवावर बेततो.

गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, काडीचा चटका देऊ नका, व्हॅसलिन लावू नका. मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो. मला तो माझ्या गुडघ्यामागे, परसातलं गवत कापून आल्यावर दिसला होता. आता गवतात जाताना पायमोजे पँटवर ओढते, कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारते आणि घरात आल्यावर आधी आंघोळ. नवे चावे टळले तर बऱ्याच जणांचे अँटीबॉडीचे आकडे हळूहळू उतरतात. माझी पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.