जपानीत हाय-बाय कसं करायचं, आणि मुलगा-मुलगी फरक नेमका कुठे येतो

ठाण्यात माझ्याकडे रविवारी सकाळी चार-पाच जण जपानी शिकायला येतात, बहुतेक ऐरोली-महापेला जॉब करणारे, आणि पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना कोन्निचिवा करत बसतात. शब्द बरोबर आहे पण तो बिल्डिंगमधल्या काकांसाठी, नवीन ओळखीसाठी. घरच्यांना किंवा रोजच्या मित्राला कोणी तसं म्हणत नाही, आपण तरी कट्ट्यावर मित्राला हात जोडून नमस्कार म्हणतो का.

मित्र सकाळी भेटला की नुसतं ओहायो, सर-मॅडमना मात्र ओहायो गोझाइमास, पूर्ण. मुलगे आपापसात ओस्स किंवा यो म्हणतात, मुलींमध्ये याहो जास्त ऐकू येतं, आणि बऱ्याच दिवसांनी भेटलात तर हिसाशिबुरी, ते कोणीही म्हणा. गेन्की म्हणजे बरायस ना, पण आपण रोज काय कसंय विचारतो तसं ते रोज विचारत नाहीत, मध्ये गॅप गेली असेल तरच. निघताना ज्याऽ ने, माता ने. सायोनारा मित्राला नको, आता लवकर भेट नाही असं वाटतं त्यात. ऑफिसमधून सुटताना मित्राला ओत्सुकारे, सीनियरला ओत्सुकारेसामा देस.

घरातलं तर आपल्याला शिकवावंच लागत नाही खरं म्हणजे! बाहेर पडताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, आणि आतून आई म्हणते ये जाऊन. जपानीत पण तेच, इत्तेकिमास म्हणजे जाऊन येतो, त्यावर घरचे इत्तेराश्शाइ म्हणतात. परत आल्यावर तादाइमा, मग ओकाएरी. मला ही जोडी फार आवडते, आणि घरात दोन दिवस वापरली तरी तोंडात बसते.

आता मुलगा-मुलगी. इथे मराठी माणूस हमखास अडकतो कारण आपलं लिंग क्रियापदात असतं, मी जातो, मी जाते. मग सगळे विचारतात जाते ला जपानीत काय. काही नाही, इकु, दोघांनाही इकु, क्रियापदाला हातच लावायचा नाही. फरक येतो तो मी या शब्दात आणि वाक्याच्या शेपटीत, म्हणजे शेवटी लागणाऱ्या छोट्या शब्दात. वाताशी सगळ्यांना चालतं, ऑफिसात पुरुषही तेच वापरतात. बोकु मुलग्यांचं, जरा सौम्य, ओरे पण मुलग्यांचं पण रांगडं, दोस्तांमध्येच ठीक, आणि अताशी हा मी मुलींचा. आपले रे आणि गं समोरचा कोण ते सांगतात, जपानी शेपटी मात्र बोलणारा स्वतःला कसा दाखवतोय ते सांगते, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. इकु झो, इकु झे म्हणजे दणकून पुरुषी. इकु वा, आवाज वर नेऊन, म्हणजे बायकी, पण ओसाकाकडे पुरुषही वा लावतात, तिथे आवाज खाली जातो. भूक लागली हे पण बघा, ओनाका सुइता कोणीही म्हणेल, हारा हेत्ता म्हटलं की मुलग्यांचा कट्टा.

पण यातली बरीच बायकी शेपटी, म्हणजे वा, काशिरा वगैरे, आजच्या तरुण मुली फारशा बोलत नाहीत, ती कार्टून आणि सिरियलमध्ये जास्त उरलीय. गंमत म्हणजे मेइजी काळात, म्हणजे 1868 ते 1912 मध्ये, शाळकरी मुली तेयो, दावा अशा शेपट्या लावून बोलायला लागल्या तेव्हा मोठ्यांना ते उथळ वाटायचं, आणि पुढे तीच घरंदाज बाईची भाषा ठरली.

माझ्या बॅचमधला एक मुलगा आधी फक्त बाईंकडे शिकला होता आणि सगळी लकब त्यांचीच उचलली होती, उलट एक मुलगी कार्टून बघून बघून ओरे म्हणायची आणि क्लायंटच्या कॉलवरही तोंडातून ते गेलं. दोघं हुशार होती हो, फक्त कोणाचं ऐकायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून सुरुवातीला वाताशी धरा, मुलगे असाल तर मित्रांत बोकु, वाक्याच्या शेवटी फक्त ने, म्हणजे आपलं ना, आणि यो, म्हणजे आपलं बरं का (वरचा हाय करायचा यो नव्हे), हे दोन्ही सगळ्यांना चालतात. आणि आपल्या वयाच्या, आपल्यासारख्याच जपानी माणसांच्या साध्या मुलाखती ऐका, ठाणे-वाशी लोकलमध्ये कानात लावून, वाशी येईपर्यंत एक तरी शेपटी पकडायची आणि दुसऱ्या दिवशी तीच मोठ्याने म्हणून बघायची.