शुगर आहे आणि हिरड्यांतून रक्त येतंय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे शुगरवाला माणूस पायाच्या जखमेला जपतो, वर्षातून एकदा डोळेही तपासून घेतो. हिरडीतून रक्त आलं तर मात्र "काही नही व्हत" म्हणतो, चूळ भरतो आणि चहाला बसतो. खरं तर १९९३ सालीच हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं.

हे दुखणं दोन्हीकडून चालतं. साखर चढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, हिरडी दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजत जातं. उलट, हिरडीतला दाह रक्तात उतरतो आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. पथ्य चालू, गोळ्या वेळेवर, तरी साखर हटत नसेल तर एकदा तोंडही दाखवा.

रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दुखतं म्हणून लोक त्या बाजूला ब्रशच नेत नाहीत. तिथला जंतूंचा थर मग काही दिवसांत दगडासारखा कडक होतो आणि रक्त आणखी वाढतं. मऊ ब्रश घ्या, तो हिरडीच्या कडेशी तिरपा धरा, हलक्या हाताने दोन मिनिटं घासा. रात्री झोपताना तर नक्कीच.

मशेरीवर भरवसा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटाने हिरड्यांवर फिरवायची. आपल्याकडे कित्येक आजी-मामींचा दिवस असाच सुरू होतो. "दात घट्ट राहतात" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण ती तंबाखूच आहे. रोज जिथे घासली जाते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. मशेरी सुटत नाही ती तलफेमुळे, त्यामुळे घरच्यांनी नुसतं रागावून भागत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं दुखणं आणखी फसवं असतं: आत आजार वाढत असला तरी रक्त कमी दिसतं.

"क्लीनिंग केलं की दात हलतात." हलणारा दात आधीच हललेला असतो, साचलेल्या दगडाने त्याला नुसता टेकू दिलेला असतो. दगड निघाला की फट जाणवते, गार पाणी काही दिवस झोंबतं. बदनामी होते ती डॉक्टरची. खोलवर सफाई झाल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. ही घट मोलाची आहे, पण तेवढ्यावर गोळ्या बंद करू नका.

उपाशीपोटी दातांच्या डॉक्टरकडे जाणं. रक्त तपासायला उपाशी जायची सवय असते, तीच इथेही लागू केली जाते. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, न खाता खुर्चीत बसलात तर साखर अचानक उतरून घाम आणि थरथर सुरू होऊ शकते. वेगळं काही सांगितलं नसेल तर नेहमीप्रमाणे नाश्ता आणि औषध घेऊन सकाळचीच वेळ घ्या. एचबीए१सीचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा, ती मनाने बंद करू नका.

चावत नाही म्हणून मऊ खाणं. ही चूक कुणी चूक म्हणून मोजतच नाही. दात दुखायला लागले की कळण्याची भाकरी जाते, काकडी-मुळा जातो, आणि ताटात येतो चहात बुडवलेला टोस्ट, नाहीतर मऊ भात. साखर मग तिथूनही चढते. भाकरी वरणात किंवा भाजीच्या रश्शात कुस्करून खा, पण टोस्टवर दिवस काढू नका आणि दातांचा इलाज लांबवू नका.

हिरडीतून पू येत असेल, गाल सुजला असेल किंवा दातदुखीसोबत ताप असेल तर लवंगेचं तेल लावून आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि शुगर आहे हे आधी सांगा.