इंडक्शन भट्टीजवळचे चुंबकीय क्षेत्र कसे मोजावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये भट्टीवर उभे राहणारे कामगार धगीपासून आणि उडणाऱ्या रसापासून स्वतःला जपतात. भट्टीभोवती गुंडाळलेल्या विजेच्या कॉइलचे चुंबकीय क्षेत्र मात्र दिसत नाही आणि भाजतही नाही, म्हणून त्याची मोजणी बहुधा राहून जाते. मोबाइल टॉवरची काळजी करणाऱ्या माणसानेही आधी ही जागा तपासावी, असे मला मनापासून वाटते.

कॉइलमधील प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो आणि त्या बदलत्या क्षेत्रामुळे भंगारात भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विद्युत प्रवाह, निर्माण होऊन ते वितळते. हाच नियम शेजारच्या माणसाच्या ऊतींनाही लागू होतो. शरीर धातूच्या तुलनेत फारच मंद वाहक असल्याने त्यात फिरणारा प्रवाह क्षीण असतो; तरीही क्षेत्र पुरेसे तीव्र असल्यास तो चेतातंतू आणि स्नायू उद्दीपित करू शकतो. या क्षेत्राची ऊर्जा रेणूंचे बंध तोडण्याइतकी नसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अतिनीच वारंवारितेच्या, म्हणजे तुलनेने फार हळू दिशा बदलणाऱ्या, चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले, ते मुख्यतः घरांतील क्षेत्र आणि मुलांमधील रक्ताचा कर्करोग यांच्या मर्यादित पुराव्यावरून. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही.

मोजणीपूर्वी पॅनेलवरील वारंवारिता, म्हणजे प्रवाह सेकंदाला किती आवर्तने पूर्ण करतो तो हर्ट्झमधील आकडा, लिहून घ्यावी. चार्ज, म्हणजे भट्टीत भरलेला धातू, वितळत जातो तशी ती बदलू शकते, म्हणून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे टिपावेत. केवळ ५० हर्ट्झसाठी बनवलेला मीटर येथे चुकीचा आकडा दाखवू शकतो आणि मोबाइलमधील होकायंत्राचे ॲप तर या कामाचेच नाही. भट्टीची वारंवारिता ज्याच्या कक्षेत येते असा तीन अक्षांचा, म्हणजे तिन्ही दिशांतील क्षेत्र एकदम मोजणारा, मीटर भाड्याने आणावा किंवा जाणकाराला बोलवावे. भट्टी पूर्ण शक्तीवर असताना, ऑपरेटर प्रत्यक्ष जेथे उभा राहतो तेथे डोके, छाती आणि कमरेच्या उंचीवर मोजावे, कारण पॅनेलजवळचा एकच आकडा सगळ्या प्लॅटफॉर्मची कहाणी सांगत नाही.

तुलनेसाठी आंतरराष्ट्रीय अआयनकारी प्रारण संरक्षण आयोगाच्या, अर्थात आयसीएनआयआरपीच्या, २०१० च्या शिफारशी वापराव्यात. कामगारांसाठीची संदर्भ पातळी ५०० हर्ट्झला ६०० आणि १००० हर्ट्झला ३०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) आहे. सर्वसामान्यांसाठी ती अनुक्रमे १६० आणि ८० आहे. भट्टी पाहायला आलेले ग्राहक आणि शिकाऊ मुले यांना सर्वसामान्यांचीच पातळी लावावी, असे माझे मत आहे.

आकडा जास्त आला तर पहिला उपाय अंतर हाच, कारण कॉइलपासून दूर जाताना क्षेत्र झपाट्याने उतरते. वितळण सुरू असताना थांबण्याची जागा दोन पावले मागे न्यावी. पॅनेलकडून कॉइलकडे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या केबली एकमेकींपासून लांब पसरल्या असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून भट्टी पूर्ण बंद करून त्या जवळ आणून बांधून घ्याव्यात. उलट दिशेचे प्रवाह एकमेकांचे क्षेत्र बऱ्याच अंशी रद्द करतात. त्या केबलींच्या मधून ये-जा ठेवू नये.

अंगठी आणि कडे काढून ठेवावे, कारण बंद धातूचे वळे तापू शकते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला मिळेपर्यंत भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चढू नये आणि पायात सळई असलेल्याने ती गोष्ट सुपरवायझरला आधी सांगावी.