कुत्रा चावल्यावर: साबण, सीरम आणि लस

रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. चाव्याच्या जागी स्नायूत तो काही काळ रेंगाळतो, मग जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्याच वाटेने मेंदूकडे सरकतो. एकदा तंतूत शिरला की प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचा, हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. लक्षणं दिसल्यावर तर रोगी वाचणं जवळपास अशक्यच. म्हणून जे करायचं ते आधीच.

सुरुवात नळाखाली. साबण लावून जखम वाहत्या पाण्यात पूर्ण १५ मिनिटं धुवा, तीही घड्याळ बघून. बहुतेक जण मिनिटभरात आटोपतात. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. अंगाचा, कपड्यांचा, कोणताही साबण चालेल. दातांच्या खोल खुणांतही पाणी जाऊ द्या. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. टाके शक्यतो टाळावेत. घालावेच लागले तर सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिल्यानंतर, आणि सैल.

आता जखम कोणत्या दर्जाची ते पाहा. धड कातडीवर नुसतं चाटलं तर धुणं पुरे. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस हवी. रक्त आलं, किंवा लाळ उघड्या जखमेत, डोळ्यात, तोंडात गेली, तर लस आणि सीरम दोन्ही.

दोन्ही का? लस शरीराला विषाणूची ओळख करून देते, पण पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. तोवर जखमेला संरक्षण नाही. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात, ती हे दिवस राखतात. म्हणून सीरम दंडात टोचून भागत नाही, जखमेत आणि तिच्या कडेने भरावं लागतं. मात्रा वजनावर: घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट, मानवी २०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० किंवा १२०० युनिट. जखमा जास्त असतील तर ते सलाइनने वाढवतात, मात्रा वाढवत नाहीत. जास्त दिलं तर लसीचंच काम मंदावतं. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तर पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आत घ्या. त्यानंतर उपयोग नाही, कारण तोवर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं.

लस स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). कातडीत दिली तर ०, ३, ७, २८ या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली. मोठ्यांना दंडात, लहान बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीच नाही: तिथल्या चरबीत लस अडकते आणि प्रतिसाद कमकुवत येतो. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून ऐकू येते. ती जुनी लस केव्हाच बंद झाली.

नेहमीची चूक म्हणजे टीटी घेऊन घरी जाणं. ते धनुर्वातासाठी असतं. दुसरी, कुत्र्यावर लक्ष ठेवत लस लांबवणं. कुत्रा किंवा मांजर १० दिवस नजरेखाली ठेवा, पण पहिला डोस त्याच दिवशी घ्या. दहा दिवसांनंतर ते ठणठणीत असेल तर उरलेल्या डोसांचं डॉक्टर ठरवतील. गरोदरपणातही लस थांबवायची नाही. आधी पूर्ण कोर्स झालेल्यांना ० आणि ३ या दिवशी दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही.