नाशिकहून परदेशी दीर्घ मुक्कामाचा व्हिसा: रिमोट काम करणाऱ्यांनी मुलाखतीची तयारी कशी करावी

माझ्या कंपनीच्या पत्रात ‘वर्क फ्रॉम होम’ असं लिहिलं होतं आणि माझ्या मुलाखतीचा अर्धा वेळ तेवढ्यावरच गेला. खिडकीपलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘होम म्हणजे नाशिकचं घर ना? स्पेनमधून काम करायला कंपनीची हरकत नाही, हे कुठं लिहिलंय?’ हरकत नव्हतीच. साहेबांनी तसं फोनवर सांगितलं होतं. पण फोनवरचं बोलणं फायलीत लावता येत नाही. सुधारित पत्र द्यायला मला मुदत मिळाली आणि पुढं व्हिसाही मिळाला.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणांच्या फायली मी इंदिरानगरच्या घरी बसून तपासून दिल्या. दर वेळी तेच दिसलं: लोक उत्तरं पाठ करतात आणि अडतात कागदापाशी. कागद आणि माणूस एकच गोष्ट सांगतात का, हे तिथं पाहिलं जातं. म्हणून तयारी दोन-अडीच महिने आधी, कागदापासून सुरू करा.

१. आधी कायदा वाचा

शेंगेन देशांत (म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत; स्पेन, पोर्तुगाल त्यांतलेच) पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर त्या देशाचा ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो. ‘टुरिस्ट व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडला तर कोणाला कळतंय’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका.

स्पेननं डिसेंबर २०२२ च्या कायद्यानं रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आणला. त्यात उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट असावं लागतं. २०२५ मध्ये ते वेतन १,१८४ युरोंचा एक हप्ता, असे वर्षाला १४ हप्ते होतं. ते बारा महिन्यांत वाटलं की दुपटीचा महिन्याचा हिशेब सुमारे २,७६३ युरोंवर जातो. सोबत जोडीदार असेल तर किमान वेतनाच्या आणखी ७५ टक्के. पोर्तुगालमध्ये अट किमान वेतनाच्या चौपटीची आहे. २०२५ साठी ती ३,४८० युरो होती. हे आकडे वर्षागणिक बदलतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात दूतावासाच्या पानावरचा ताजा आकडा घ्या आणि तुमचा पगार रुपयांतून युरोत करून तो आकडा तोंडपाठ ठेवा. पाठ करायची ही एकच गोष्ट.

२. कंपनीचं पत्र

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. स्पेनच्या व्हिसासाठी कंपनी किमान एक वर्ष चालू असावी आणि तुम्ही तिच्याबरोबर किमान तीन महिने काम करत असावं. पत्रात तुमचं पद, रुजू झाल्याची तारीख, पगार, आणि ‘या कर्मचाऱ्याला स्पेनमधून काम करण्यास परवानगी आहे’ हे वाक्य देशाच्या नावासकट हवं. ‘एनीव्हेअर’, ‘फ्लेक्झिबल’, ‘हायब्रिड’ या शब्दांनी काम होत नाही. हायब्रिड असेल तर ‘मग ऑफिसला कधी जाता?’ हा प्रश्न ठरलेलाच.

एचआर असं पत्र द्यायला बिचकतं, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. कर्मचारी दुसऱ्या देशात बसला की तिथला कर आणि तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी, दोन्ही प्रश्न कंपनीच्या दारात येतात. भारताचा ज्यांच्याशी सामाजिक सुरक्षा करार आहे, त्या देशांत (पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स त्यांत आहेत) कंपनीनं पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ईपीएफओकडून (भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून) कव्हरेज प्रमाणपत्र, म्हणजे वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला, मिळू शकतं. करार नसेल तर त्या देशात नोंदणीचा विषय निघतो. एचआरशी बोलताना हा मुद्दा तुम्हीच आधी काढा. मुलाखतीत तो पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये.

फ्रीलान्सर असाल तर पत्राऐवजी ग्राहकांशी केलेले करार, इन्व्हॉइस आणि परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला एकाखाली एक लावा. इन्व्हॉइसचा आकडा आणि खात्यात जमा झालेला आकडा यांत बँकेच्या शुल्काचा फरक पडतो; तो पेन्सिलीनं शेजारी लिहून ठेवा.

३. बँकेचं खातं

नाशिकमध्ये हे फार होतं: मुलगा परदेशी निघाला म्हणून वडील दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेचे पैसे त्याच्या खात्यात टाकतात. हेतू प्रेमाचाच. पण पगार महिन्याला तीन-साडेतीन लाख आणि मध्येच एकदम नऊ लाख जमा, हे पाहिल्यावर अधिकारी विचारणारच. शिवाय अट कामाच्या उत्पन्नाची आहे; वडिलांच्या पैशांनी ती पूर्ण होत नाही. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत अशी रक्कम घेऊच नका. घेतली असेल तर वडिलांचं पत्र आणि सातबारा सोबत ठेवा आणि जे आहे ते सांगा. पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्र एकमेकांशी जुळतात का, हे स्वतः बेरीज करून पाहा. सीएवर सोडू नका, कारण प्रश्न तुम्हाला विचारणार आहेत.

४. नाव, पदवी, शिक्के

माझी पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. लग्नाचा दाखला मराठीत. अशा कागदाचं स्पॅनिश भाषांतर स्पेन सरकारनं मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच लागतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढा. तो, पदवी आणि दाखला यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण) घ्या. आधी शिक्का, मग भाषांतर, हा क्रम पाळा, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं.

जुन्या पदव्यांवर ‘पुणे विद्यापीठ’ असतं. २०१४ मध्ये ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, हे एका वाक्यात सांगता यावं. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर कचरू नका. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे १९८९ पासूनचं राज्य विद्यापीठ आहे, असं सरळ सांगा. पदवी नसली तरी स्पेनला तीन वर्षांचा संबंधित अनुभव चालतो.

५. आत्याला सांगून पाहा

आरशासमोर सराव करण्यापेक्षा आयटीतलं काही न कळणाऱ्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या माणसासमोर बसा. मी आत्यासमोर बसले. ‘क्लाउड मायग्रेशन’ म्हटल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे नेमकं करतेस काय गं?’ मग मी सांगितलं: ‘दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. ते बंद पडू नये हे माझं काम.’ तेच दोन वाक्यांचं उत्तर मी इंग्रजीत करून मुलाखतीत दिलं.

तिचा पुढचा प्रश्न होता, ‘मग इथूनच का नाही करत?’ अधिकाऱ्याचाही मुख्य प्रश्न हाच असतो. ‘युरोप बघायचाय’ हे उत्तर पर्यटकाचं झालं. शहर का निवडलं, घर कुठं घेतलंय, भाडं किती, भारतातल्या टीमशी वेळेचं गणित कसं जमवणार (उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार), मुदत संपल्यावर काय, हे ठोस सांगा. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिल्यास स्पेन तुम्हाला करासाठी रहिवासी धरतो. हे ठाऊक आहे एवढं तरी दिसलं पाहिजे. तिथल्या कंपनीत नोकरी शोधणार का, असं विचारलं तर ‘नाही, माझं काम भारतातल्या कंपनीचंच आहे’ इतकं पुरे. एजंटनं लिहून दिलेली उत्तरं वापरू नका.

६. मुंबईचा दिवस

मुलाखत मुंबईला असेल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं त्याच दिवशी जायचा बेत करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. कसारा घाटात गाडी अडली की वेळ हातची गेली. आदल्या दिवशी ठाण्या-दादरला नातेवाइकांकडे मुक्काम करा. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या तारखांच्या आसपास अपॉइंटमेंट घेऊ नका.

सगळे कागद छापील ठेवा, कारण कित्येक ठिकाणी मोबाइल आत नेता येत नाही. विचारलेला कागदच पुढं करा, अख्खी फाइल सरकवू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

बाहेर आल्यावर, परतीच्या गाडीत बसायच्या आधी, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं वहीत लिहा. आणखी कागद मागितले असतील तर त्यांची मुदत त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि एचआरला त्याच संध्याकाळी मेल करा.