गावठाणाची लोकसंख्या आणि हवामान कसे नोंदवावे

मुंबईतल्या गोराई, मनोरीसारख्या गावठाणाची माहिती लिहिताना आधी हद्द ठरवा. पालिकेच्या अख्ख्या वॉर्डाचे आकडे गावाच्या नावावर खपवणे हा गावावर अन्यायच.

२०११च्या जनगणनेतून कुटुंबे, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुले घ्या. साक्षरतेचा दर काढताना ही मुले एकूण लोकसंख्येतून वजा करा, नाहीतर टक्का उगाच घसरतो. लिंगगुणोत्तर म्हणजे दर १००० पुरुषांमागे स्त्रिया.

पावसाची सरासरी ३० वर्षांची हवी: १९९१ ते २०२०. वेधशाळा सांताक्रूझची की कुलाब्याची, हे लिहाच. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला शंभराच्याही आत! आणि पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा मोजतात, त्यामुळे नोंदीची तारीख पुढची दिसते.